त्रेचाळीस हजार पावलांचा हिशोब

साडेचार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणारा धावक मिनिटाला साधारण १६० पावलं टाकतो. २७० मिनिटांची गोळाबेरीज होते ४३,२००. पहिल्या मॅरेथॉनच्या तयारीला लागलेल्या माणसाने हा एकच आकडा कपाटाच्या दारावर लिहून ठेवावा. मोज्याची शिवण, सैल नाडी, बनियनची कड या गोष्टी पाच किलोमीटरला जाणवतही नाहीत. पंधराला त्या टोचतात, पंचविसाला सोलतात आणि पस्तिसाला माणसाला चालायला लावतात. धावण्याचं वेळापत्रक कुठेही तयार मिळतं. घोडं अडतं ते अशा बारीकसारीक ठिकाणी, आणि त्यांचा बंदोबस्त चार महिने आधीपासून, रोजच्या सवयींतूनच करावा लागतो.

सुरुवात बुटांपासून. बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय किंचित सुजतो, तसाच तो लांब धावेतही सुजतो. धावताना वापरायचे तेच मोजे घालून, उभं राहून माप बघायचं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जागा मोकळी हवी. अनेकांचं पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, मग माप त्या बोटाने ठरतं. दोन्ही पाय सारखे नसले तर मोठ्या पायाचं माप घ्यायचं. ही जागा कमी पडली की उतारावर पाय पुढे सरकतो, नख बुटाच्या टोकावर आपटत राहतं, खाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. काही जण काळं नख पदकासारखं मिरवतात. खरं तर ती बहुतेक वेळा अर्ध्या मापाची चूक असते.

टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो दुकानात कुणी विचारत नाही. सवय १० मिलिमीटरची असताना एकदम ४ मिलिमीटरचा बूट घातला की पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर जादा ताण येतो. बदल करायचाच असेल तर चार ते सहा आठवडे घ्यावेत, आणि नवा बूट आधी फक्त छोट्या धावांना वापरावा. कार्बनची पट्टी असलेल्या महागड्या बुटांबद्दल माझं मत सरळ आहे: पहिल्या मॅरेथॉनला त्यांची गरज नाही. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आहे आणि हे बूट बहुधा त्या मर्यादेच्या जवळ असतात. उंच, मऊ आणि अरुंद तळावर दमलेला घोटा डुगडुगतो, आणि नवख्याचा घोटा तिसाव्या किलोमीटरनंतर दमलेलाच असतो.

बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. वजनदार धावकाचे आणि ज्यांचा फोम खूप हलका आहे असे बूट लवकर बसतात. वरून बूट नवा दिसतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने पहिल्या धावेची तारीख लिहावी आणि किलोमीटर वहीत मांडावेत. फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, किंवा काहीही न बदलता नडगी आणि गुडघे कुरकुरू लागले, तर बूट संपला. दोन जोड आलटून पालटून वापरले तर प्रत्येकाला वाळायला वेळ मिळतो आणि पायावरचा ताणही रोज थोडा वेगळ्या जागी पडतो. शर्यतीचा जोड सहा-आठ आठवडे आधी काढावा. शर्यतीच्या दिवशी त्यावर ५० ते १०० किलोमीटर आणि निदान एक मोठी लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) झालेली असावी.

ओले बूट उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नयेत, उष्णतेने गोंद सुटतो आणि फोम कडक होतो. आतला सोल बाहेर काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. सकाळपर्यंत बूट घालण्याजोगा होतो. वॉशिंग मशीन टाळावं. जुना टूथब्रश, साबणाचं कोमट पाणी आणि दहा मिनिटं एवढं पुरतं.

आता नाडी, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. गाठ मारल्यावर फाशाची दोन टोकं बुटाला आडवी पडली तर गाठ बरोबर. ती उभी, म्हणजे एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे, वळत असतील तर ती आजीबाईची गाठ, दहा किलोमीटरमध्ये सुटणार. उपाय सोपा आहे: दुसरा टप्पा, म्हणजे फासा गुंडाळण्याची दिशा, उलटी करायची. टाच आत वरखाली होत असेल तर घोट्याजवळचं ते जादा भोक वापरायचं, जे बहुतेकांनी कधीच वापरलेलं नसतं. नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटं कडं तयार करायचं, दोन्ही बाजूंनी तसंच करायचं, मग प्रत्येक टोक समोरच्या कड्यातून ओवून खाली-मागे खेचायचं आणि गाठ मारायची. पायाच्या वरच्या भागाला मुंग्या येत असतील तर जिथे दुखतं तिथला एक तिढा गाळून नाडी सरळ वर न्यायची.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि ओली कातडी लवकर फाटते. फोड फक्त वरवरच्या घासण्याने येतो ही समजूत अर्धवट आहे. कातडी मोज्याला चिकटून जागेवर राहते, आतलं हाड पुढे-मागे सरकतं, मधले थर ताणले जाऊन सुटतात आणि तिथे पाणी भरतं. ओल आणि उष्णतेने हा ताण वाढतो. म्हणून कृत्रिम धाग्याचे किंवा मेरिनो लोकरीचे मोजे घ्यावेत. बोटं एकमेकांना घासत असतील तर बोटांचे मोजे, टाचेला फोड येत असेल तर दुपदरी. घालताना टाचेची जागा टाचेवर आणि पुढे एकही सुरकुती नको. धावताना एका जागी गरम चटका जाणवला की त्याच क्षणी थांबून मोजा काढायचा, खडा किंवा घडी बघायची, टेप लावायची. दोन मिनिटं वाया गेली असं वाटतं, पण न थांबता रेटलं तर पुढचे दहा दिवस लंगडण्यात जातात. नखं सरळ कापावीत आणि शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी, आदल्या रात्री नाही.

अंग कुठे सोलवटतं हे धावताना कळत नाही. आंघोळीचं पाणी पडलं की सगळा नकाशा एकदम समजतो. मांड्यांची आतली बाजू, काख, स्तनाग्रं, स्पोर्ट्‌स ब्राच्या पट्ट्याखालची जागा, कंबरेचा बेल्ट टेकतो तिथे, हृदयगती मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याची कड. या जागांना निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावायची. स्तनाग्रांना टेप लावणार असाल तर क्रम महत्त्वाचा: आधी कोरड्या कातडीवर टेप, मग बाकीकडे जेली. उलट केलं तर टेप तिसऱ्या किलोमीटरला घरंगळते. बनियन आणि शॉर्ट्‌स धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, त्याचा थर धाग्यांवर बसतो, घाम शोषून बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते आणि धुतल्यावरही वास येत राहतो. धावून आल्याबरोबर कपडे साध्या पाण्यात खळबळून टाकले तर घामाचं मीठ जातं. तेच वाळलेलं मीठ पुढच्या वेळी सँडपेपरचं काम करतं.

घड्याळाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पहिल्या मॅरेथॉनमध्ये त्याच्यावरच्या आंधळ्या विश्वासाने बरेच हिशोब चुकतात. बाहेर आल्यावर उपग्रहाचा सिग्नल पूर्ण मिळेपर्यंत थांबायचं, मग बटण दाबायचं. मनगटावरचा हृदयगती मोजणारा प्रकाशाचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडतो. रमत-गमत धावताना घड्याळ १६०–१६५ वर अडून बसलं आणि बोलताना दम मात्र लागत नसेल, तर ते पावलं मोजतंय असं समजावं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, जरा घट्ट बांधून बघावा. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, फक्त घालण्याआधी त्याचे संपर्काचे भाग पाण्याने ओले करावे लागतात.

अंतराची गोष्ट याहून महत्त्वाची. ४२.१९५ हा वाकडातिकडा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या मार्गावरून आला आणि १९२१ मध्ये कायम झाला. आज प्रमाणित मार्ग मोजताना वळणांवरची सर्वांत जवळची रेघ धरतात आणि मार्ग तोकडा पडू नये म्हणून हजारात एक, म्हणजे ४२ मीटर, जादा धरतात. गर्दीत ती रेघ कुणालाच पकडता येत नाही, शिवाय उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. त्यामुळे शेवटच्या रेषेवर घड्याळ ४२.५ ते ४२.८ दाखवतं. साडेचार तासांसाठी कागदावर वेग निघतो किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. घड्याळ ४२.६ दाखवणार असेल तर घड्याळावर ६:२० दिसायला हवेत. हे चार सेकंद आधी धरले नाहीत तर शेवटी जवळपास तीन मिनिटं कुठे गेली याचा शोध घेत बसावं लागतं. क्षणाक्षणाचा वेग दाखवणारा रकाना बंदच ठेवावा, तो उड्या मारतो. लॅपचा, म्हणजे चालू किलोमीटरचा, सरासरी वेग ठेवावा, आणि शर्यतीत लॅपचं बटण रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी हाताने दाबावं.

सरावाच्या वेगाबद्दल नवख्यांची एकच चूक: हळू धावायच्या दिवशी ते पुरेसं हळू धावत नाहीत. आठवड्यातलं बहुतेक अंतर अशा वेगाने व्हावं की सलग दोन-तीन वाक्यं धाप न लागता बोलता येतील. एकटे असाल तर मोठ्याने एखादी कविता म्हणून बघा. एकूण अंतर तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं आणि चौथ्या आठवड्यात पाचवा हिस्सा कमी करायचं. हाडं आणि शिरा स्नायूंपेक्षा सावकाश मजबूत होतात. दम वाढलेला असतो, पण नडगीचं हाड अजून तयार नसतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण आपल्याच लोकांसाठी असावी, इथे फक्त बाशिंगाच्या जागी बर्फाची पिशवी येते. सगळ्यात मोठी लाँग रन ३० ते ३२ किलोमीटर किंवा साडेतीन तास, जे आधी होईल ते, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. सरावात पूर्ण ४२ धावून बघायचा मोह टाळावा, त्यातून सावरायला लागणारे आठवडे उरलेले नसतात. एखादी धाव चुकली तर ती सोडून द्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये.

खाण्यापिण्याचं गणित असं. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला मॅरेथॉनला २,७०० हून अधिक लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे साखरेच्या साठ्यातून, मिळतात ढोबळमानाने २,०००. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश निघते. त्यामुळे तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, डोकं मंदावतं, ज्याला सगळे ‘वॉल’ म्हणतात ते होतं. सुरुवातीला वेगाने निघालं तर ग्लायकोजेन आणखी लवकर संपतं.

म्हणून धावता धावता खायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये (पाकिटातला घट्ट गोड पाक) बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, पाकीट वाचून खात्री करावी. पहिलं जेल ३० ते ४० मिनिटांनी, भूक लागण्याची वाट न बघता, आणि मग दर तीस-पस्तीस मिनिटांनी एक. जेलबरोबर साधं पाणी प्यायचं. जेलवर स्पोर्ट्‌स ड्रिंक प्यायलं तर पोटातलं द्रावण फार घट्ट होतं, आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं आणि कळा येतात. तासाला ६० ग्रॅमच्या वर जायचं असेल तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असलेलं जेल हवं, कारण दोघांना आतड्यातून आत घेणारे मार्ग वेगळे आहेत. पोटालाही सराव लागतो, तेव्हा १६ किलोमीटरच्या वरच्या प्रत्येक लाँग रनला शर्यतीतलंच जेल, त्याच वेळांना घ्यावं. घामट बोटांनी पाकीट फाडण्याचाही सराव होतो, तो वाटतो तितका सोपा नसतो.

पाण्याचं माप प्रत्येकाचं वेगळं आणि ते घरच्या वजनकाट्यावर काढता येतं. धावण्याआधी कपड्यांशिवाय वजन करा, एक तास धावा, अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ६५.०, नंतर ६४.२, आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं. घाम गेला १.३ लिटर. हे सगळं भरून काढायचं नसतं, तहानेप्रमाणे प्यावं. वाईट फक्त कमी पिण्याने होतं असं नाही. चार-पाच तास हळू धावणारा माणूस पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी भीतीपोटी दोन पेले रिचवत गेला तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी प्यायचं नाही, वैद्यकीय मदत घ्यायची. सरावाच्या धावेनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तिथेच सावध व्हावं.

हातातली बाटली, कमरेचा बेल्ट की पाठीवरची व्हेस्ट, हे ज्याला जे हलत नाही ते. बेल्ट कंबरेच्या बारीक भागावर न बांधता खाली, कटीच्या हाडांवर बांधला तर वर सरकत नाही. व्हेस्टमधली पाण्याची पिशवी भरल्यावर उलटी धरून नळीतून हवा ओढून घ्यायची. मग आत पाणी डचमळत नाही. धुतल्यावर ती पूर्ण वाळली नाही तर नळीत बुरशी धरते, त्यावर सोपा उपाय म्हणजे रिकामी पिशवी फ्रीझरमध्ये ठेवणं.

बाकी सवयी पटकन सांगतो. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम: गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही टाचा उचलणं (दोन्हींत पोटरीचे वेगळे स्नायू काम करतात), एका पायावरचं स्क्वॉट, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), कुशीवरचं प्लँक. रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो, कायम एकाच कडेने धावलं की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. अंधारात वाहनांकडे तोंड करून, परावर्तक पट्टा घालून धावावं, निदान एक कान मोकळा ठेवावा. कपडे, जेल, किल्ली आदल्या रात्रीच काढून ठेवावी. पहाटे शोधाशोध सुरू झाली की पांघरूण जिंकतं.

वहीत रोज एक ओळ: अंतर, कुठला जोड, झोप किती, कुठे दुखलं आणि दहापैकी किती. तीनपर्यंतचं दुखणं, जे धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळी राहत नाही, ते चालतं. चाल बदलायला लावणारं दुखणं म्हणजे धाव तिथेच बंद. नडगीवर लांब पट्ट्यात दुखणं वेगळं आणि हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखणं वेगळं. दुसरं असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, डॉक्टरांना दाखवेपर्यंत धावू नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या खाऊन लाँग रन करू नये. शरीरातलं पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडांना त्रास देतात, आणि दुखणं दबल्याने इजा वाढते.

शेवटचे दोन-तीन आठवडे, टेपरचे, म्हणजे सराव कमी करत नेण्याचे, लोकांना सगळ्यात अवघड जातात. अंतर पाऊण, मग निम्मं करत आणायचं, पण वेगाच्या छोट्या धावा सोडायच्या नाहीत. अचानक नसलेली दुखणी जाणवू लागतात, त्यातली बहुतेक रिकाम्या मनाची असतात. शेवटच्या दोन दिवसांत कर्बोदकं वाढवली की वजन एक-दीड किलोने वाढतं. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, घाबरू नये. आदल्या दिवशी चोथ्याचं खाणं कमी ठेवावं, म्हणजे शर्यतीत शौचालयाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

बिब, म्हणजे धावकाच्या नंबरचा कागद, बनियनला लावताना बनियन अंगात घालूनच लावावा. टेबलावर पसरून लावला तर अंगावर ताणतो आणि पिना ओढल्या जातात. चारही कोपऱ्यांना पिना, आणि मागे टायमिंगची चिप चिकटवलेली असेल तर घडी घालायची नाही. बेल्ट बिबच्या वरून येऊ देऊ नये. थंडी असेल तर टाकून देता येईल असा जुना टीशर्ट वरून घालावा.

रांगेत उभं राहिल्यावर, घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत, एकदा खाली वाकून दोन्ही फासे आडवे आहेत ना बघायचं आणि त्यांवर आणखी एक गाठ मारायची.